किल्ल्यातलं मिठागर

माझ्या मुलीने तिच्या व्हिडिओ गेममध्ये माझं नाव द्यायचं ठरवलं, म्हणून हे बोलावं लागलं. नाहीतर मी बोलले नसते. चाळीसेक वर्षं गप्प राहिले होते, आणखी वीस सहज काढली असती. घरात मला सगळे कमी बोलणारी म्हणूनच ओळखतात. त्या गप्प राहण्यात एक लबाडी होती, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

मुलगी नोकरी करते आणि रविवारी गेम बनवते. ती आणि तिची कल्याणची मैत्रीण, दोघीच. मुलगी गोष्ट आणि प्रोग्रॅमिंग बघते, मैत्रीण चित्रं काढते. सकाळी दहाला दोघी डोंबिवलीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतात, तो मी ताटं आणून ठेवीपर्यंत सोडत नाहीत. हा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळणारा त्यात एक माणूस होतो, गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, त्यांची कामं करतो, आणि कुठे काय बोलायचं ते स्वतः निवडतो. मला हे त्यांनीच समजावलं. मी कणीक मळता मळता ऐकत होते.

त्या दिवशी दोघी वैतागलेल्या होत्या. स्क्रीनवर बर्फाचे डोंगर होते, काळपट उंच झाडं, एक दगडी गढी.

"यात लोक खातात काय गं?" मी विचारलं.

"कोण लोक?"

"या गढीतले. दोनशे माणसं राहतात म्हणालीस ना? शेत दिसत नाही, गाय दिसत नाही. भाजी कुठून येते?"

"आई, त्या डोंगरामागे ड्रॅगन आहे आणि तुला भाजीची पडलीय!"

मैत्रीण हसली. मग हसायची थांबली. "नाही गं, काकू बरोबर बोलतायत. आपलं हे म्हणूनच खोटं वाटतंय. आपण बर्फ पाहिलाय कुठे? मी फ्रिजरमधला बघून काढलाय."

"मग कुठे घडवायचा?" मुलगी माझ्यावरच खेकसली. "सांग ना, एवढं कळतंय तर."

"जिथलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते तुम्हाला माहितीय, तिथे घडवा," मी म्हणाले आणि पोळपाट घेतला. वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं, की हे माझं नाही. असा विचार करायला मला कुणीतरी शिकवलं होतं. पण तेव्हा मी गप्प बसले. दोघी माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होत्या, आणि या वयात मुलीचं कौतुक वाट्याला येतं किती वेळा?

पुढचे तीन-चार रविवार फार सुखाचे गेले. बर्फ गेला, गढी गेली. गेमची सुरुवात शीळफाट्याला करायची ठरली. त्याला नाव वेगळं दिलं, पण आहे तो शीळफाटाच: तीन दिशांचे रस्ते येऊन एकमेकांत अडकतात, धूळ, ट्रक, चहाच्या टपऱ्या. मुलगी म्हणाली, "सगळ्यांना इथे अडकावंच लागतं, म्हणजे बातम्या इथेच कळणार. खेळणाऱ्याला पहिलं काम चहाच्या टपरीवर मिळेल." मग तिथून कुठे कुठे जाता येईल? डोंगर, त्यातला बोगदा, दगडाची खाण, भाताची खाचरं, खाडी, तिवरांचं रान, मिठागर, आणि शेवटी उंच उंच इमारतींचं शहर.

मैत्रीण दर वेळी रंग बदलून आणायची. खाडीला निळा, खाणीला राखाडी. ते मला पटेना.

"रंगाने जागा वेगळी होत नाही," मी म्हटलं. "पाय कसा पडतो त्याने होते. खाडीच्या चिखलात पाय पोटरीपर्यंत जातो, आणि काढताना चप्पल आतच राहते. मिठागरात करकर वाजतं. खाचराच्या बांधावर दोन माणसं शेजारी चालूच शकत नाहीत. समोरून कुणी आलं की एकाने थांबायचं, मग बोलावंच लागतं. भांडण असलं तरी."

"म्हणजे बांधावर कुणालाच टाळता येणार नाही!" मुलगी ओरडली. "लिही गं, लिही."

"आणि टॉवरमध्ये काकू?"

"तिथे वॉचमन विचारतो, कुणाकडे? नाव माहीत नसेल तर आत सोडत नाही. लिफ्ट बंद. चढत जा आणि फोडणीच्या वासावरून मजला ओळख."

आम्ही तिघी हसत होतो. आतल्या खोलीतून माझे यजमान पेपर घेऊन बाहेर आले, म्हणाले, "ही एवढं बोलते? मला नाही आठवत." आणि परत आत गेले.

असंच एकदा मी सांगून टाकलं, की मिठागर आणि शेत शेजारी असलं तर मध्ये बांध लागतो. मीठ एका जागी राहत नाही. पाण्याबरोबर ते खाली उतरतं आणि शेत जाळतं. दिसत नाही, आवाज नाही, दोन दिवसांनी पीक पिवळं पडलेलं दिसतं.

मुलीने पेन खाली ठेवलं. "आई, हा तर अख्खा गेम आहे. खेळणारा कुठल्या तरी फायद्यासाठी बांध फोडतो, आणि मागे वळून येतो तेव्हा सगळे प्रदेश हळूहळू मरत चाललेले असतात. तुला सुचतं कसं हे?"

मैत्रिणीने तिथल्या तिथे एक पाटी काढली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर लिहिलं होतं: जग आणि प्रदेश : आई.

"ते काढ," मी म्हणाले.

"का? लाजू नको गं."

"काढ म्हटलं ना."

आवाज जरा मोठा झाला असावा. मैत्रीण लवकर घरी गेली. मुलगी माझ्यासमोर बसली, आणि म्हणाली, "आता सांग."

मग मी सांगितलं.

आम्ही तेव्हा कळव्याला राहत होतो, तीन मजली इमारतीत. इमारतीच्या मागे जुनं गाव होतं, आणि गावापलीकडे खाडीपर्यंत भातशेती आणि मिठागरं. गावातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेली, थोडं शेतही होतं. मी अबोल, ती बोलघेवडी. शाळेतून येताना ती मला मुद्दाम लांबून, बांधावरून आणायची. पाणी भरतीला कुठून आत घेतात, कसं अडवतात, उन्हात ते कसं घट्ट होत जातं, सगळं दाखवायची. मीठ गोळा करायची लाकडी फळी एकदा तिने माझ्या हातात दिली होती. मला ती चार पावलंही ओढता आली नाही. ती इतकी हसली, की तिलाच उचकी लागली.

दिवाळीत इमारतीची मुलं आवारात किल्ला करायची. त्या वर्षी गल्लीच्या मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती. आम्ही अकरा वर्षांच्या होतो. मी तिला घेऊन आले. काही जणांनी तोंडं वाकडी केली, "ती आपल्या बिल्डिंगमधली नाहीय." पण माती हवी होती, आणि चांगली माती तिच्या शेतात होती. तिने दोन दिवस पाट्या भरभरून डोक्यावरून माती आणली. दगड-विटा रचून, गोणपाट चिखलात बुडवून त्यावर अंथरलं. महाराज सिंहासनावर, मावळे पायऱ्यांवर, गुहेत वाघ. वाघ मावळ्याच्या दुप्पट होता, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. उतारावर हळीव पेरले. चार-पाच दिवसांत हिरवंगार रान उभं राहिलं.

इतर किल्ल्यांत फक्त डोंगर असायचा. आमच्या किल्ल्याला खाडी होती, खाचरं होती, रस्ता होता, बाजार होता. ते सगळं तिच्या डोक्यातून आलं होतं. ती म्हणायची, "यो महाराज खातो काय गो? खाली शेत नको?"

तर, भाजीचा प्रश्नही माझा नव्हता.

मिठागर करायची कल्पना मात्र माझी. तिला तिचं आगर दाखवावं म्हणून, की परीक्षकांना काहीतरी वेगळं दिसावं म्हणून, आज सांगता येत नाही. दोन्ही असेल. ती म्हणाली, "कर, पण सगळ्यांत खाली कर, खाडीजवल. आणि रांगोळी टाक. खरा मीठ टाकू नको. टाकलास तर बांध घाल, मीठ उतरतं." मी खाली न करता वर केलं, बुरुजाशेजारी, म्हणजे परीक्षकांना आल्या आल्या दिसेल. रांगोळी टाकली तर ती मळकट दिसायला लागली. चमकेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आत मी आईच्या बरणीतलं खडे मीठ फ्रॉकच्या ओच्यात भरून नेलं आणि रांगोळीवर पसरलं. ऊन आलं तशी काय चमक होती! बांध घातला नाही. बांधाने चमक झाकली गेली असती. वर हौस म्हणून तांब्याने पाणी शिंपडलं, भरती आली म्हणून.

स्पर्धेच्या दिवशी रान पिवळं पडून आडवं झालेलं होतं. मीठ विरघळून गेलं होतं. वर नुसती रांगोळी उरली होती, ओली आणि निरागस.

आवारात सगळे जमले. तळमजल्यावरचे एक काका होते, त्यांना प्रत्येक गोष्टीची परीक्षा करायची सवय. त्यांनी चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि जाहीर केलं, "खारट आहे! खाडीची माती आणली हिने."

"शेताची हाय," ती म्हणाली. "भाताची. आमी त्याच्यात भात लावतो."

"मग खारट कशी?"

तिच्याकडे याचं उत्तर होतं. ती माझ्याकडे बघत होती. सगळ्यांत बुद्धिमान ती होती, तिला एका क्षणात कळलं असणार. ती मला नाव घेऊन पकडून देऊ शकली असती. तिने फक्त पाहिलं, आणि थांबली. मला बोलायला जागा करून दिली.

मी वाघाकडे बघत राहिले. त्याच्या एका कानाचा रंग उडाला होता. तो कान मला आजही काढून दाखवता येईल.

मोठी मुलं तिला म्हणाली, "तू येऊ नको आता." ती रिकामी पाटी घेऊन गेली. दिवाळीनंतर शाळा उघडली, तेव्हा मी बाईंना सांगून जागा बदलून घेतली. बांधावरून जाणंही सोडलं. पुढे लग्न होऊन डोंबिवलीला आले. कळव्याच्या बाजारात ती मला दोनदा दिसली. दोन्ही वेळा मी भाजीवाल्याकडे वळले.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, म्हणेल, लहान होतीस गं. मी तेच ऐकायला बसले होते, खरं सांगायचं तर.

"म्हणजे आळ पण तिच्यावर आणि आयडिया पण तिच्या ढापल्यास?" ती म्हणाली. "आणि मी तुझं नाव टाकत होते!"

"म्हणून तर काढ म्हटलं."

"काढून काय होतंय? तिला विचारायला हवं. तिचं जग आहे ते."

पुढचे काही रविवार टेबलावर माझ्याकडे पाठ करून काम चाललं. मी ताटं आणली की स्क्रीन मिटायची. मी विचारलं नाही. मग एका शनिवारी सकाळी मुलीने हेल्मेट माझ्यापुढे ठेवलं, म्हणाली, "लॅपटॉप घेतलाय. बस मागे."

शीळफाट्याला आम्ही पाऊण तास अडकलो. ती खूश होती. "बघ, बघ, तो पेरूवाला! हा घ्यायचा गेममध्ये." मी मागे बसून मनात वाक्य जुळवत होते. तू मला ओळखलं नसशील. असं नको. मला माफ कर. असंही नको, ते आल्या आल्या काहीतरी मागितल्यासारखं झालं.

शेतांच्या जागी आता इमारती आहेत. तिच्या घराच्या जागी तिच्याच घरच्यांची चार मजली इमारत, खाली दुकानं. ती पहिल्या मजल्यावर, झोपाळ्यावर बसून मोबाइल बघत होती. दार उघडंच होतं.

"कोन गो?"

माझी जुळवलेली सगळी वाक्यं गेली. तिने चष्मा वर केला, खाली केला.

"तिसऱ्या माल्यावरची ना तू?"

"हो."

"जाड झालीस."

"तूही."

"मी पयल्यापासून हाय. ही पोर तुझी? तुझ्यासारखी मुकी नाय ना?"

"नाही हो मावशी," मुलगी म्हणाली, आणि सरळ जाऊन झोपाळ्यावर तिच्या शेजारी बसली.

मी उभीच होते. बसले असते तर चहा आला असता, मग गप्पा झाल्या असत्या, मग ते राहूनच गेलं असतं. "किल्ल्यात खरं मीठ मी टाकलेलं," मी म्हणाले. "बांध न घालता. वरच्या बाजूला."

"म्हायती हाय मना."

"तेव्हाच कळलेलं?"

"माझ्या शेताची माती मना म्हायती नाय?" ती झोपाळा पायाने थांबवत म्हणाली. "तुझ्या फ्रॉकला पांढरे डाग होते. बस आता. उभी काय राहतंस, वर्गात हाय काय?"

मी बसले. मग मुलीने गेमबद्दल सांगितलं, सगळं, कुठलं कोणाचं आहे ते, आणि लॅपटॉप उघडला. मावशीने तो मांडीवर घेतला. फाट्यावरून निघून ती सरळ मिठागराकडे गेली. डोंगर नाही, बोगदा नाही, शहराकडे ढुंकून पाहिलं नाही. बांधाजवळ पोचली आणि तिने जीभ चुकचुकवली.

"जल्ला तुमचा बांध. उघाडी कुठंय?"

"ती काय असते?"

"दार गो, बांधातला. भरतीचा पानी त्यातून आत घेतात, मग बंद करतात. नुसता बांध घालून ठेवलास तर मीठ व्हईल कशाचा, तुझ्या आईच्या रांगोळीचा?"

मुलगी भराभर लिहून घेत होती. मी हसले. हसताना डोळे भरले, ते कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि सोडून दिलं.

मग ती जागा आली, जी माझ्यापासून लपवलेली होती. गेममध्ये रान मेलंय. गाव मिठागरातल्या बाईवर आळ घेतंय. बांध खेळणाऱ्यानेच फोडलेला असतो. ती बाई त्याच्याकडे बघते, आणि स्क्रीनवर दोन पर्याय येतात. एक, "मी केलं." दुसरा, "गप्प राहा."

माझी मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. मैत्रीण बघत होती. म्हणजे किल्ल्यावरची मैत्रीण. तिने माझ्याकडे बघत बघतच "गप्प राहा" दाबलं.

"बगू तरी, काय व्हतंय."

गेममधल्या बाईने पाटी उचलली, ती धुक्यात चालत गेली आणि दिसेनाशी झाली. मिठागर रिकामं राहिलं. मागे बारीकसं दुःखी संगीत. मला ते चांगलं वाटलं होतं.

"ह्या खोटा हाय," ती म्हणाली.

"काय खोटं, मावशी?"

"ती कुठं जाईल? तिचा घर हाय तिथं. आगर हाय. ती तिथंच असते, रोज. शाळेतून येते, बांधावर थांबते जरा, मग जाते घरी. सोडून जाते ती हिच्यासारखी." तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. आवाजात राग नव्हता, चूक दुरुस्त करणाऱ्याचा सूर होता. "मातीचा मना काय नाय वाटला. बोलनारे बोलतात. तू बाक बदललास, त्याचा वाटला."

मी म्हणाले, "हो." आणि तिने ते "हो" नीट ऐकून घेतलं, असं मला वाटलं.

मुलीने विचारलं, "मग काय करू? ती जात नाही, तर खेळणाऱ्याने गप्प राहिल्याचं पुढे काय होतं?"

"काय व्हायाचाय? ती बांधावर उभी. तुझा मानूस गावभर फिरून येऊ दे, म्हातारा व्हऊ दे. आला परत तर बोलंल."

"म्हणजे तो पहिला पर्याय बंदच करायचा नाही? शेवटपर्यंत?"

"बंद कशाला करतंस?"

मुलीने वहीत लिहिलं. मी शेजारून वाचलं: उघाडी. खाली: ती जात नाही.

नाव द्यायचं विचारल्यावर ती म्हणाली, देऊ नको, गाववाले चिडवतील. मग थोड्या वेळाने म्हणाली, दे. आणि गेममधली बाई म्हातारी काढलीय ती बदल, तिला केस काळे दे. तिने सुनेला सांगून आमच्यासाठी पोहे करायला लावले. जाताना पायऱ्यांपर्यंत आली. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने हात केला.

"आता रोज येते, असा बोलू नको हा. कोन येत नाय रोज. मंगलवारी ये. मंगलवारी मी घरी असते."

आज सोमवार आहे. सकाळी मुलीने नवी उघाडी करून दाखवली. दार वर जातं, पाणी आत येतं, दार खाली. मला त्या दाराची उंची थोडी कमी वाटते, पण मी काही बोलले नाही. उद्या विचारून येते.